पिकअपच्या ३५० ला कॅम कोणता टाकायचा? आधी गाडी कुठल्या आरपीएमवर चालते ते काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९७८ ची शेवरोले पिकअप आहे, ३५० स्मॉल ब्लॉक (३५० घन इंचांचं व्ही-८ इंजिन) पूर्ण खोललाय, ब्लॉक ०.०३० ओव्हर बोअर होऊन, म्हणजे सिलिंडर इंचाच्या तीस हजारांशाने मोठे करून आलाय, पिस्टन नवे, हेड जुनीच ७६ सीसी चेंबरवाली, थ्री-स्पीड ऑटोमॅटिक, मागच्या अ‍ॅक्सलला ३.०८ चा गिअर रेशो, पॉवर ब्रेक, आणि महिन्यातून एक-दोनदा ट्रेलर ओढायचाय. ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं की ०.०५० ला २३० डिग्री ड्युरेशनचा कॅम (व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा; ड्युरेशन म्हणजे क्रँकच्या किती डिग्री व्हॉल्व्ह उघडा राहतो ते) टाक, आयडलला काय भारी आवाज येतो बघ. आणि तुम्ही अडकलाय की तो घ्यावा का कॅटलॉगमध्ये "आरव्ही कॅम" म्हणून मिळणारा २०४/२१४ वाला (इनटेकला २०४, एक्झॉस्टला २१४) घ्यावा.

२०४/२१४ घ्या. तुम्ही लिहिलेलं सगळं तसंच राहणार असेल तर यात मला जराही शंका नाही. पण नुसतं उत्तर देऊन थांबत नाही, कारण उद्या तुम्ही रेशो बदललात किंवा हेड बदलली तर उत्तरही थोडं सरकतं, आणि ते किती सरकतं हे तुम्हाला स्वतःला काढता आलं पाहिजे.

बहुतेक लोक कॅम निवडताना इंजिनकडे बघतात. मी आधी मागचा अ‍ॅक्सल आणि टायर बघतो. तुमचा टायर साधारण २९ इंच उंच धरला तर हिशोब सोपा आहे, ताशी मैल गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचात. ६० मैलाला ३.०८ च्या रेशोवर येतात साधारण २१४० आरपीएम, थर्ड गिअर सरळ १:१ आहे म्हणून, त्यात ऑटोमॅटिकच्या टॉर्क कन्व्हर्टरच्या स्लिपचे थोडे वाढवा. म्हणजे तुमची गाडी हायवेला अख्खा दिवस २१००-२३०० वर चालणार, गावात त्याच्याही खाली, आणि ट्रेलर घेऊन चढावर जाताना तुम्हाला ओढ लागणार ती १८०० ते ३००० च्या मधे. २३० चा कॅम जागा होतो साधारण अडीच हजारानंतर. घोडं इथेच पेंड खातं. जिथे तुमचं इंजिन नव्वद टक्के वेळ असणार तिथे तो कॅम झोपलेला, आणि जिथे तो छान चालतो तिथे तुम्ही वर्षातून चारदा जाणार.

आता त्या आकड्यांबद्दल, कारण इथे बरेच जण फसतात. कॅमच्या कार्डवर दोन ड्युरेशन असतात, एक अ‍ॅडव्हर्टाइज्ड आणि एक ०.०५० इंच लिफ्टर (कॅमच्या उंचवट्यावर, म्हणजे लोबवर, बसून पुशरॉड ढकलणारा तुकडा) उचलल्यावरचं. अ‍ॅडव्हर्टाइज्डला प्रत्येक कंपनी आपापल्या जागेवरून मोजायला सुरुवात करते, त्यामुळे दोन कंपन्यांचे २७० आणि २७८ एकमेकांशी ताडून बघण्यात काही अर्थ नाही. ०.०५० चा आकडा सगळे एकाच पद्धतीने मोजतात, म्हणून तुलना करायची तर त्याचीच. तुमच्या काळातल्या साध्या ३५० चा कंपनी कॅम ०.०५० ला १९५/२०२ च्या आसपास, लिफ्ट ०.३९०/०.४१०. त्यावरून २०४/२१४ म्हणजे एक पायरी वर, आणि २३० म्हणजे जिना सोडून थेट गच्ची.

ड्युरेशन वाढलं की नेमकं होतं काय? खूप काही होतं, पण ट्रकसाठी त्यातली एक गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा मोठी, इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो. पिस्टन खाली जाऊन परत वर यायला लागला तरी इनटेक उघडाच असतो, आणि तो पूर्ण बसेपर्यंत कॉम्प्रेशन सुरूच होत नाही. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती पिस्टन वर येत असतानाही आत घुसत राहते, तेव्हा उशिरा बंद होणं फायद्याचं. पण १८०० ला तेवढा वेग नसतो, मग आत आलेलं मिक्श्चर पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो.

हे मी तुमच्याच इंजिनच्या मापावर काढून दाखवतो. ३५० चा स्ट्रोक ३.४८ इंच, रॉड ५.७ इंच. समजा इनटेक बॉटम डेड सेंटरनंतर (पिस्टन सर्वात खाली गेल्यानंतर) ६० डिग्रीला सीटवर बसतो, तर त्या क्षणी पिस्टनला वर जायला साधारण २.८१ इंच शिल्लक असतात. तोच ७२ डिग्रीला बसला तर शिल्लक २.५२ इंच. म्हणजे कागदावर ८.५ कॉम्प्रेशन असलेलं इंजिन पहिल्या कॅमवर प्रत्यक्षात ७.०६ ने दाबतं आणि दुसऱ्यावर ६.४४ ने. इंजिन तेच, पिस्टन तेच, हेड तीच, फक्त बारा डिग्रीचा फरक. साडेदहा कॉम्प्रेशनच्या इंजिनला हा तोटा परवडतो, उलट नॉकिंग टाळायला मदत होते. साडेआठवाल्याकडे मुळात शिल्लकच कमी, त्यातून हे गेलं की चढावर पाय खाली दाबला तरी नुसता आवाज वाढतो, गाडी उचलत नाही.

आणि तुमचं खरंच ८.५ आहे का? हे मी मुद्दाम विचारतोय. रिबिल्डसाठी मिळणारे बरेच पिस्टन मूळ पिस्टनपेक्षा पिनपासून वरच्या टोकापर्यंत ०.०२० इंच बुटके असतात, ब्लॉकचा डेक (हेड बसते ती वरची सपाटी) थोडा घासला तरी चालावं म्हणून. मूळ माप १.५६, यांचं १.५४. तुमच्या ४.०३० बोअरला ०.०२० म्हणजे साधारण ४ सीसी जागा वाढली, आणि तेवढ्याने ८.५ चं ८.२ होतं. वर जाड हेड गॅस्केट बसवलं तर आणखी खाली. पिस्टनच्या खोक्यावर ८.५ लिहिलंय म्हणून ते धरून चालू नका. पिस्टन टॉपला आणा, डेकवर पट्टी धरा, किती खाली आहे ते फीलर गेजने किंवा डायलने मोजा, डिशचे (पिस्टनच्या डोक्यावरच्या खड्ड्याचे) सीसी आणि चेंबरचे सीसी घ्या आणि हिशोब करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण कॅम निवडण्याआधी हा आकडा हातात नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

दुसरा मुद्दा ओव्हरलॅपचा, म्हणजे एक्झॉस्ट बंद व्हायच्या आत इनटेक उघडायला लागतो ती वेळ. ०.०५० वर काढलं तर २०४/२१४ ला ११२ लोब सेपरेशनवर (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधला कोन) उत्तर वजा १५ डिग्री येतं, म्हणजे त्या मापाला ओव्हरलॅप नाहीच. २३०/२३० ला ११० वर अधिक १०. पंचवीस डिग्रीचा फरक आहे हा. तो जो धडधड आवाज लोकांना आवडतो ना, तो याच ओव्हरलॅपचा, जळालेला गॅस आयडलला परत इनटेकमध्ये येतो आणि सिलिंडर धड पेटत नाहीत म्हणून तो आवाज. त्याच कारणाने व्हॅक्यूम पडतो. चांगलं साधं ३५० आयडलला १८-२० इंच व्हॅक्यूम देतं, पॉवर ब्रेकच्या बूस्टरला नीट चालायला १५ च्या वर तरी हवा.

माझ्याकडे एकदा अशीच पिकअप आली होती, मालकाने दुसरीकडे मोठा कॅम टाकून घेतला होता आणि तक्रार होती ब्रेकची. मास्टर सिलिंडर बदलून झालेला, बूस्टर बदलून झालेला. मी गेज लावला तर ड्राइव्हमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उभी असताना काटा ९ आणि ११ च्या मधे थरथरत होता. पार्किंगमध्ये हळू वळवताना दोनदा पाठोपाठ ब्रेक दाबला की तिसऱ्यांदा पेडल लाकडासारखं कडक. त्या माणसाची मुलं मागे बसायची त्या गाडीत. कॅम लहान केला, तोच बूस्टर, तेच मास्टर सिलिंडर, व्हॅक्यूम १७ वर आला आणि ब्रेकचा विषय संपला. तुम्ही तर ट्रेलर ओढणार आहात, त्यामुळे आवाजासाठी ब्रेक द्यायचा हा सौदा मी तुम्हाला करू देणार नाही.

ऑटोमॅटिकमुळे आणखी एक अडचण. मोठा कॅम आयडलला ९००-१००० मागतो, नाहीतर बंद पडतो. स्टॉक कन्व्हर्टर तेवढ्यावर गाडी पुढे ढकलायला लागतो, सिग्नलला ब्रेकशी झटापट. मग लोक जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमवर पकड घेणारा, कन्व्हर्टर घेतात, मग तो गरम होतो म्हणून मोठा ऑइल कूलर, मग रेशो. एका कॅमपायी तीन गोष्टी बदलायच्या आणि शेवटी ट्रेलर ओढायला पहिल्यापेक्षा वाईट.

आता हे कधी बदलतं ते सांगतो. मागे ३.७३ टाकणार असाल तर त्याच टायरवर ६० मैलाला २६०० च्या आसपास येतात, तिथे २१० ते २१४ इनटेकपर्यंत जायला हरकत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर आणखी थोडी मोकळीक. लहान चेंबरची हेड बसवून कॉम्प्रेशन ९.५ वर नेलंत तर उलट फार छोटा कॅम नको, नाहीतर लोडखाली नॉकिंग करेल. एक्झॉस्टला जुने मॅनिफोल्ड आणि सिंगल पाइप ठेवणार असाल तर एक्झॉस्टचं ड्युरेशन इनटेकपेक्षा ८-१० डिग्री जास्त असलेलं बरं, कारण गॅस बाहेर पडायला आधीच वाट अरुंद आहे. म्हणूनच २०४ ला २१४ ची जोडी असते. आणि दोन कॅममध्ये मन अडकलं तर लहान घ्या. लहान कॅम घेऊन पस्तावलेला ट्रकवाला माझ्या तरी बघण्यात नाही, मोठा काढून लहान टाकायला आलेले मात्र बरेच.

लिफ्टचं थोडक्यात. २०४/२१४ ला साधारण ०.४२०/०.४४३ लिफ्ट येते, १.५ च्या रॉकरवर, म्हणजे लिफ्टरची हालचाल दीडपट करून व्हॉल्व्हला देणाऱ्या. जुन्या हेडवर हे बसतं, पण ०.४५० च्या पुढे जायचं असेल तर मोजल्याशिवाय जाऊ नका, स्प्रिंगचा रिटेनर खाली येऊन गाइडच्या सीलवर आपटतो. ०.४४३ ला सुद्धा एक व्हॉल्व्ह हलकी स्प्रिंग लावून तेवढा दाबून बघा, रिटेनर आणि सीलमध्ये निदान ०.०६० तरी राहायला हवेत. व्हॉल्व्ह स्प्रिंग मात्र नव्याच घ्या, कॅमच्या कार्डवर लिहिलेल्या प्रेशरच्या. जुन्या स्प्रिंग दिसायला ठीक दिसतात आणि टेस्टरवर टाकल्या की जीव गेलेला असतो.

रोलर कॅमबद्दल पण तुम्ही विचारलंय. चांगलाच असतो, फारसा झिजत नाही, त्याच ड्युरेशनमध्ये व्हॉल्व्ह जास्त वेळ पूर्ण उघडा ठेवतो. पण तुमचा ब्लॉक १९७८ चा, त्यात कंपनीचे रोलर लिफ्टर बसवायची सोय नाही, ती स्मॉल ब्लॉकला १९८७ पासून आली. म्हणजे तुम्हाला जोडपट्टीवाले रेट्रोफिट लिफ्टर लागणार, साधारण अर्धा इंच आखूड पुशरॉड लागणार, पुढे कॅम बटण लागणार कारण रोलर कॅमच्या लोबला उतार नसतो आणि तो पुढे-मागे सरकतो, आणि कॅम स्टीलचा असेल तर डिस्ट्रिब्युटरचा गिअर त्याला चालणारा हवा, नाहीतर साधा गिअर खाऊन टाकतो. बजेट असेल तर जरूर करा. नसेल तर फ्लॅट टॅपेट नीट बसवला तर वर्षानुवर्षं जातो, आणि नीट बसवणं म्हणजे काय तेच आता सांगतो, कारण मी इथे स्वतः एक कॅम घालवलाय.

फ्लॅट टॅपेट लिफ्टरचा तळ सपाट दिसतो पण नसतो, मधे अगदी इंचाच्या एक-दोन हजारांश फुगीर असतो. लोबला पण तसाच किंचित उतार. त्यामुळे लोब लिफ्टरच्या मध्यावर न घासता बाजूला घासतो आणि लिफ्टर स्वतःभोवती फिरतो. फिरला तर जगला. फिरायचा थांबला तर त्या लोबचं आयुष्य मिनिटात संपतं. म्हणून नव्या कॅमवर जुने लिफ्टर कधीच नाही, कितीही चांगले दिसोत. आणि असेंब्लीआधी प्रत्येक लिफ्टर त्याच्या भोकात कोरडा टाकून बोटाने फिरवून बघायचा, आपल्या वजनाने खाली गेला पाहिजे.

माझा कॅम गेला तो पहिल्या स्टार्टला. सगळं नवीन होतं, लोबला मोली पेस्ट लावली होती, पण कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरून ठेवलं नव्हतं आणि डिस्ट्रिब्युटर एक दात चुकला होता. मी स्टार्टर मारत राहिलो, थांबलो, टायमिंग हलवलं, परत मारलं, पाचसहा मिनिटं असंच. स्टार्टरच्या त्या मंद फिरण्यात लोबवर ऑइलचा थर टिकत नाही आणि पेस्ट पुसून जाते. इंजिन चालू झालं, वीस मिनिटांत एका रॉकरचा टकटक आवाज यायला लागला. कव्हर काढून बघितलं तर बाकी पंधरा पुशरॉड गोल फिरत होते आणि एक नुसता वरखाली, जागेवर स्थिर, आणि त्याची उडी बाकीच्यांच्या निम्मी. कॅम बाहेर काढला तेव्हा तो लोब जवळजवळ गोल झाला होता आणि लिफ्टरच्या तळाला वाटीसारखा खड्डा. तेवढं सगळं लोखंड ऑइलमधून बेअरिंगला गेलं. इंजिन परत खोललं. त्या दिवसापासून मी प्रत्येक पुशरॉडवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका लावतो आणि स्टार्टनंतर लगेच एकेका बाजूचं कव्हर काढून ठिपके फिरतायत का बघतो, थोडं ऑइल उडतं, उडू दे.

बसवताना टायमिंग चेन नवीन घ्या, डबल रोलर. त्या काळच्या बऱ्याच इंजिनांत कॅमच्या गिअरला नायलॉनचे दात असायचे, ते तुटून खालच्या ऑइल पॅनमध्ये पडतात आणि पंपाची जाळी बुजवतात. आणि खुणेवर खूण जुळवून समाधान मानू नका, डिग्री व्हील (क्रँकला लावायची अंशांची चकती) लावा. पिस्टन स्टॉपने खरा टॉप डेड सेंटर काढा, एक नंबरच्या इनटेक लिफ्टरवर डायल लावा, सर्वात उंच जागेच्या ०.०५० आधी आणि ०.०५० नंतर व्हीलवर काय येतं ते लिहा, बेरीज करून निम्मी करा. समजा ६८ आणि १४८ आले, निम्मे १०८, कार्डवर इनटेक सेंटरलाइन १०८ असेल तर झालं. मला एकदा नव्या कोऱ्या सेटवर ११४ मिळालं होतं, खुणा अगदी बरोबर जुळलेल्या. सहा डिग्री उशीर म्हणजे इनटेक सहा डिग्री उशिरा बंद, वर जे कॉम्प्रेशनचं गणित केलं त्यातलं निम्मं नुकसान एका चुकीच्या की-वेमुळे. ट्रकला कॅम दोन डिग्री पुढे असला तर चालेल, मागे नको.

लिफ्टर अ‍ॅडजस्ट करताना एकेका सिलिंडरचं करा. एक्झॉस्ट नुकता उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक अ‍ॅडजस्ट करायचा, आणि इनटेक पूर्ण उघडून जवळजवळ बंद होत आला की एक्झॉस्ट. पुशरॉड बोटांत धरून वरखाली हलवत नट आवळा, खेळ संपला तो शून्य. फिरवून बघू नका, तेलकट बोटांना फसवतं आणि जास्त आवळलं जातं. शून्याच्या पुढे अर्धा ते पाऊण फेरा, बस.

स्टार्टच्या आधी ऑइल पंप ड्रिलने फिरवून सगळ्या रॉकरपर्यंत ऑइल आलेलं डोळ्यांनी बघा, कार्बोरेटरचा बाऊल भरा, टायमिंग स्टॅटिकला लावून ठेवा, रेडिएटर भरा, म्हणजे दोन-तीन फेऱ्यांत पेटेल. पेटलं की आयडलला सोडायचं नाही, लगेच २००० वर न्या आणि २० ते ३० मिनिटं २००० ते २५०० मधे सारखं वर-खाली करत ठेवा. लोबवर ऑइल येतं ते क्रँकच्या उडण्यातून, आयडलला ते पुरेसं उडत नाही. मधेच काही गळलं, गरम झालं तर बंद करा, दुरुस्त करा, परत २००० ला.

ऑइलचं मात्र मनावर घ्या. जुन्या ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरस भरपूर असायचं आणि लोब-लिफ्टरच्या मधे तेच उभं राहतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून ते कमी करत आणलं, २००४ च्या एपीआय एसएम ग्रेडपासून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर ठेवता येत नाही. आजच्या गाड्यांना पुरतं, तुमच्या फ्लॅट टॅपेटला पुरत नाही, विशेषतः नवीन असताना. ब्रेक-इनला खास ब्रेक-इन ऑइल घ्या आणि नंतर जास्त झिंकचं, फ्लॅट टॅपेटसाठी म्हणून स्पष्ट लिहिलेलं.

ती वीस-तीस मिनिटं झाली की ऑइल गरम असतानाच काढा आणि फिल्टर फेकू नका. डबा कापा, आतला कागद काढून पिळा, उन्हात पसरून बघा आणि त्यावरून चुंबक फिरवा. थोडी करडी राख सगळ्याच नव्या इंजिनांत येते, ती लोबवरच्या पेस्टची आणि रिंगांची. चुंबकाला चिकटणारे चमचमीत कण दिसले तर गाडी चालवू नका, व्हॉल्व्ह कव्हर काढा, सोळा रॉकरची उडी डायलने मोजा आणि जो कमी भरेल त्याचा आकडा मला कळवा, त्याच्यासोबत तुमचं मोजलेलं कॉम्प्रेशन पण.